चारातले दोन, पाचातले तीन

"पत्ते येतात का तुमाले?" असं रामराव वाकोड्यांनी विचारलं, तेव्हा माझ्या तोंडात पोह्यांचा घास होता. त्या घासासकट मी "हो जी, येतात ना" असं म्हणून गेलो. पुढं जे काही घडलं त्याला तो घास जबाबदार आहे असं मी आजही मानतो. तोंड रिकामं असतं तर विचार करायला निदान दोन सेकंद मिळाले असते.

रामराव म्हणजे आमचे होऊ घातलेले व्याही. माझी मुलगी हर्षा आणि त्यांचा मुलगा योगेश यांनी एकमेकांना परस्परच पसंत करून टाकलं होतं. आम्ही अमरावतीहून अकोल्याला गेलो होतो ते फक्त रीतसर हो म्हणायला. पण रामराव रीतसर माणूस नव्हता. पातूरच्या शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला हा गृहस्थ, समुद्र कुठल्या दिशेला आहे हे ज्या गावात कधी कुणी विचारलंही नाही तिथून उठून, बावीस वर्षं जहाजाच्या इंजिनखोलीत राहिला होता. यंत्राच्या आवाजावर ओरडायची सवय झाल्यामुळे तो साखर मागतानाही आग लागल्यासारखा मागायचा. शिवाय मिशा.

"हुंडा नको, मानपान नको," ते ओरडले. "पण इवाई पत्त्याले बसणारा पाह्यजे. पोराचं लग्न दोन दिवसांचं. इवायासंग ऐतवार जलमभर काढा लागतात. कोणता खेळता?"

"तुम्ही कोणता खेळता?" मी सावधपणे विचारलं.

"ओमाहा हाय-लो. जहाजावर शिकलो. येतो?"

"तोच तर खेळतो मी," मी म्हणालो. शालू, म्हणजे माझी बायको, माझ्याकडे अशी पाहू लागली की जणू मी गाणं म्हणायला सुरुवात केली आहे.

"वा! मंग आमचे भिडू नत्थुजी तिरुपतीहून वापस येऊ द्या. तीन आठवड्यांनंतरच्या ऐतवारी सारे या. बसू. माणूस कसा हाये हे पत्त्यावर समजते. मंग पुढचं बोलू."

पुढचं म्हणजे लग्नाचं. म्हणजे माझ्या मुलीचं लग्न आता एका खेळावर येऊन थांबलं होतं, ज्याचं नावसुद्धा मी तीस सेकंदांपूर्वी पहिल्यांदा ऐकलं होतं.

परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर गेल्यावर शालू म्हणाली, "तुमाले तं रमी बी येत नाही. खोटं काहून बोलले?"

"भेव वाटला," मी खरं ते सांगितलं.

मला भीती वाटते, हे मी लपवत नाही. कुत्र्यांची वाटते, कुकरची वाटते, अनोळखी नंबरवरून आलेल्या फोनची वाटते. एकोणतीस वर्षं सरकारी नोकरी करून एकही मेमो मिळाला नाही, तो या भीतीच्याच पुण्याईनं. लोक याला सचोटी म्हणतात. मी दुरुस्त करत नाही.

हर्षानं फोनवर शोधून नियम उतरवून आणले आणि राजापेठेतल्या आमच्या घरी डायनिंग टेबलावर शिकवणी सुरू झाली. प्रत्येकाला चार पत्ते, ते कुणाला दाखवायचे नाहीत. मधे टेबलावर पाच पत्ते, ते सगळ्यांचे. बोली लावत लावत मधे एक ढीग जमतो. तो ढीग शेवटी अर्धा-अर्धा वाटायचा. ज्याचे पत्ते सगळ्यांत भारी त्याला अर्धा, आणि ज्याचे सगळ्यांत हलके त्याला उरलेला अर्धा.

"म्हणजे वाटणी," शालू भाजी निवडता निवडता म्हणाली. "मोठ्या भावाले अर्धं, लहान्याले अर्धं."

"हो, पण आई, लहान्याचे पाचही पत्ते वेगवेगळे अन् अठ्ठी किंवा त्याखालचे पाहिजेत. तसे कुणाचेच नसले तर सगळा ढीग मोठ्याचा."

"हे तं आमच्या चांदूर बाजारच्या वावरासारखंच झालं," शालू म्हणाली. तिला खेळ समजला होता. मला अजून नाही.

खरी मेख पुढं होती. पाच पत्त्यांचा हात करताना स्वतःच्या चारातले बरोब्बर दोन घ्यायचे आणि मधल्या पाचातले बरोब्बर तीन. एक घेऊन चालत नाही, तीन घेऊन चालत नाही. भारीसाठी वेगळे दोन आणि हलक्यासाठी वेगळे दोन घेतले तरी चालतात. एक्का मनाला येईल तसा सगळ्यांत मोठाही होतो आणि सगळ्यांत लहानही. आमच्या कार्यालयात असे दोन-तीन लोक असल्यामुळे एक्का मला लगेच कळला. बाकी काहीच कळलं नाही. पहिल्या संध्याकाळी मी सात वेळा जिंकल्याचं जाहीर केलं आणि सातही वेळा हर्षा म्हणाली, "बाबा, तुम्ही एकच पत्ता घेतला."

चौथ्या दिवशी शेजारचे गोवर्धनजी आले. गोवर्धनजी पोलिसातले रिटायर जमादार. त्यांची बायको बेबीताई आणि शालू यांची रोजची देवाणघेवाण, त्यामुळे आमच्या घरातली बातमी त्यांना आमच्याआधी कळते. ते खुर्चीवर बसले, टेबलावरच्या पत्त्यांकडे पाहिलं आणि उठून दार लावून घेतलं.

"गावंडे साहेब, तुमी सरकारी नोकर हाये."

"पैसे नाहीत हो यात! चिंचोके आहेत, चिंचोके!"

"ते तुमाले माहीत हाये. धाड पडते तवा चिंचोके कोणी मोजत नाही. खेळणारा, पाहणारा अन् चहा आणून देणारा, तिघंबी गाडीत." त्यांनी शालूच्या हातातल्या ट्रेकडे पाहिलं. शालूनं ट्रे खाली ठेवला. "अन् गाडीत बसलं का पेपरात फोटो. फोटो आला का सस्पेंड. मी सेवेत असतानी एक मास्तर पाह्यला. गंजिफा खेळत होता, गंजिफा! अजून पेन्शन नाही त्याले."

तो मास्तर खरा होता की काय, देव जाणे. पण त्या दिवसापासून मला पोलिसांच्या गाडीचा आवाज येऊ लागला. राजापेठेत दर मिनिटाला शंभर गाड्या जातात, त्यातल्या निम्म्या मला पोलिसांच्या वाटू लागल्या.

"उपाय?" मी विचारलं.

"कागद करून ठेवा," जमादार म्हणाले. "कागद असला का कोणी हात लावत नाही."

हा सल्ला मी मानला. दुसऱ्याच दिवशी मी आमच्या कार्यालयात अर्ज दिला. विषय: कौटुंबिक कारणास्तव विनामोबदला पत्ते खेळण्यास परवानगी मिळणेबाबत.

अर्ज देताना मला वाटलं होतं, की वरून एक सही येईल आणि मी सुरक्षित होईन. एकोणतीस वर्षं सरकारी नोकरीत काढलेल्या माणसानं असं समजावं, हे मला अजून लाजिरवाणं वाटतं. चार दिवसांनी अर्ज शेरा घेऊन परत आला: "कोणता खेळ? नियम जोडावेत. मराठीत."

मी नियम मराठीत लिहायला बसलो. भारी हाताला मी "उच्च" लिहिलं आणि हलक्या हाताला "नीच". आस्थापना शाखेनं आक्षेप घेतला: "'नीच' या शब्दानं कर्मचाऱ्यांच्या भावना दुखावू शकतात." मी "अल्प" केलं. मग शेरा आला, "पाच अल्प पत्ते सलग आल्यास ते उच्चही ठरतात काय? खुलासा करावा." मी खुलासा केला. "ठरतात. एक्का, दुर्री, तिर्री, चव्वी, पंजी असल्यास तीच व्यक्ती दोन्ही अर्धे घेऊ शकते." त्यावर, "एकाच व्यक्तीस दुहेरी लाभ कोणत्या नियमाखाली?" मग, "दोघांचा अल्प हात समान असल्यास?" अर्ध्याचा अर्धा, मी लिहिलं. पाव-पाव. मसुदा पाच वेळा बदलला. प्रत्येक वेळी मी तो टाईप केला, वाचला, पुन्हा टाईप केला.

तिकडं कार्यालयात बातमी फिरली. बडे बाबू माझ्याशी बोलताना खिशावर हात ठेवू लागले. ज्या शिपायाला मी इतकी वर्षं घाबरत आलो, तो आता मला नमस्कार करू लागला, आणि त्यामुळे मी त्याला आणखीच घाबरू लागलो. आणि शेवटी एका दुपारी आरती मॅडमनी बोलावलं.

आरती मॅडम म्हणजे आमच्या साहेब. त्या कधी रागावत नाहीत. फाईल बंद करतात, चष्मा काढतात आणि पाहतात, आणि समोरचा माणूस स्वतःच स्वतःला रागवून बाहेर येतो. मी आत गेलो तेव्हा अर्जाला जोडलेले माझे नियम, म्हणजे परिशिष्ट अ, त्यांच्यासमोर उघडे होते. मनातल्या मनात मी पेन्शनचा निरोप घेतला.

"गावंडे," त्या म्हणाल्या, "नियम चार. हातातले दोनच का?"

"मॅडम?"

"मधे चार लहान पत्ते आले आणि माझ्या हातात एकच लहान आहे. मग माझा अल्प हात होत नाही?"

"नाही होत मॅडम. दोन लागतात."

"हातात एक्का असला तरी?"

"एक्का असला तरी."

त्यांनी चष्मा काढला. बराच वेळ पाहिलं. "हा अन्याय आहे," त्या म्हणाल्या, आणि शेरा मारला: "सदर बाब या कार्यालयाशी संबंधित नाही. दप्तरी दाखल." म्हणजे परवानगी दिली नाही आणि नाकारलीही नाही. तो कागद मी गोवर्धनजींना दाखवला. त्यांनी तो उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "हा कागद तं अजून डेंजर हाये. आता तुमच्या खेळाची सरकारी नोंद झाली."

पण जमादारांचीही एक अडचण होती. रोज धाडीचे धोके सांगायला येता येता त्यांना खेळ येऊ लागला होता. तिसऱ्या आठवड्यात ते आमच्यात चौथे म्हणून बसलेच. चिंचोके वाढत गेले तसा त्यांचा कायदा कमी होत गेला. शेवटच्या शनिवारी दुपारी, दार लावून, त्यांनी सगळे चिंचोके पुढं सारले आणि त्याच क्षणी दारावर थाप पडली. जोरात. तीनदा.

"धाड!" हे आधी कोण ओरडलं ते सांगत नाही. जमादार पलंगाखाली गेले. मी पत्ते गोळा केले आणि कणकेच्या डब्यात कोंबले. शालूनं हातात पोथी घेतली. हर्षानं दार उघडलं. विजेचं मीटर पाहायला माणूस आला होता. त्यानं पोथी पाहिली, माझे पांढरे हात पाहिले, पलंगाखालून बाहेर आलेले पोलिसी बूट पाहिले, आकडा लिहिला आणि काहीही न विचारता गेला. त्या महिन्यात आकडा चुकलेला होता, पण तक्रार करायची आमच्यात कुणाची हिंमत झाली नाही.

तो रविवार उजाडला. रामरावांच्या घरी जेवणं झाली. वांग्याची भाजी उत्तम होती असं शालू नंतर म्हणाली. मला काही आठवत नाही. बैठकीत सतरंजी अंथरली गेली आणि आम्ही चौघं बसलो. रामराव, त्यांची बायको रुख्मिणीबाई, तिरुपतीहून डोकं मुंडवून आलेले नत्थुजी, आणि मी. शालू, हर्षा आणि योगेश भिंतीशी. प्रत्येकासमोर चिंचोक्यांची वाटी.

"नियम तं तुमाले माहीतच हाये," रामराव ओरडले आणि पत्ते पिसले.

पहिले पाच-सहा डाव मी फक्त पत्ते टाकून दिले. घाबरलेल्या माणसाला हे बरं जमतं. नत्थुजी दर डावाला "गोविंदा" म्हणत आणि हरत. रुख्मिणीबाई बोलतच नव्हत्या. पत्ते घेत, पाहत, ठेवत, आणि हरल्या की सगळ्यांचे पत्ते गोळा करून नवऱ्याच्या हातात देत. त्यांची वाटी सगळ्यांत आधी रिकामी होत आली होती. रामरावांची शिगोशीग भरलेली.

मग तो डाव आला. मधे पाच पत्ते पडले: दुर्री, तिर्री, चव्वी, सत्ती आणि राणी. मी आधीच बाहेर होतो. नत्थुजी गोविंदा म्हणून बाहेर पडले. रामराव आणि रुख्मिणीबाई दोघंच उरली. ढीग मोठा झाला होता. बाईंनी शेवटचे चिंचोके पुढं सरकवले.

रामरावांनी पत्ते उलटवले. दोन राण्या, एक दश्शी, एक एक्का. "तीन राण्या! भारी माझा. अन् एक्का, दुर्री, तिर्री, चव्वी, सत्ती. हलका बी माझा. दोन्ही अर्धे माझे!" त्यांनी ढिगाला मिठी घातली.

रुख्मिणीबाईंनी आपले पत्ते ठेवले. छक्की, अठ्ठी, राजा, गुलाम. आणि नेहमीसारखे पत्ते गोळा करायला हात पुढं केला.

आणि मला दिसलं. पाच मसुदे, सहा शेरे आणि आरती मॅडमचा चष्मा माझ्या डोळ्यांसमोरून गेला. रामरावांच्या हातात लहान पत्ता एकच होता. तीन राण्या ठीक, त्यात हातातल्या दोन होत्या. पण हलक्या हातात त्यांनी स्वतःचा एकच पत्ता घेतला होता आणि मधले चार. बाईंच्या छक्की-अठ्ठीत मात्र मधली दुर्री, तिर्री, चव्वी मिळवली की हात पक्का होत होता. अर्धा ढीग बाईंचा होता.

गप्प बस, मी स्वतःला म्हणालो. मुलीचं लग्न आहे. चिंचोके आहेत. कुणाचं काय बिघडतं. मी खरोखरच गप्प बसायचं ठरवलं होतं, आणि त्याच वेळी एकोणतीस वर्षांच्या सवयीनं माझ्या तोंडातून बाहेर पडलं,

"साहेब, हे नियमात बसत नाही."

नत्थुजींचा गोविंदा अर्ध्यावर राहिला. भिंतीशी हर्षानं डोळे मिटून घेतले.

"काय म्हन्लं?" रामराव म्हणाले. पहिल्यांदाच हळू बोलले, आणि ते ओरडण्यापेक्षा फार भयंकर होतं.

थांबता येईना. भीतीनं माणूस पळतो तसा मी बोलत सुटलो. "चारातले दोन, पाचातले तीन. तुमचा एकच होतोय हलक्यात. एक्का असला तरी दोन लागतात. हलका हात वहिनींचा आहे. अर्धा त्यांचा."

रामराव उठले. आतल्या खोलीत गेले. ट्रंक उघडल्याचा आवाज आला.

"लय तापट माणूस हाये," नत्थुजी माझ्या कानात म्हणाले. "मांगं एकदा पोस्टमनले..." आणि बोलायचे थांबले. मी दाराकडे पाहिलं. चपला बाहेर होत्या, पण घालायला वेळ मिळेल असं वाटेना. बसस्टँडपर्यंत अनवाणी धावता येईल का, याचा मी मनापासून विचार केला. योगेश हर्षाला धीर द्यायला म्हणून उभा राहिला आणि स्वतःच पुन्हा बसला.

रामराव बाहेर आले. हातात एक निळी वही होती, खाऱ्या पाण्यानं फुगलेली. जहाजावर उतरवून घेतलेले नियम. त्यांनी चष्मा लावला आणि उभ्यानंच वाचू लागले. ओठ हलत होते. एक पान वाचलं, उलटलं, परत मागं आले. बोट एका ओळीवर ठेवलं आणि तिथंच राहिलं.

मग ते खाली बसले, आणि दोन्ही हातांनी अर्धा ढीग वेगळा करून बायकोपुढं सारला.

रुख्मिणीबाईंनी ढिगाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "आपन घरी कधीपासून खेळून राहिलो?"

"रिटायर झालो तवापासून," रामराव पुटपुटले. "अकरा वर्सं."

"म्हणजे अकरा वर्सं मी जितून राहिली होती?"

रामराव एकदम माझ्याकडे वळले. कदाचित दुसरीकडे कुठं पाहणं त्यांना शक्य नव्हतं. "तुमी किती वर्सांपासून खेळता?"

आता आणखी काय बिघडणार होतं? "एकवीस दिवसांपासून," मी म्हणालो. "मला पत्ते येत नव्हते जी. खोटं बोललो. तुमचा आवाज ऐकून भेव वाटला, अन् पोरगी तुमच्या योगेशवर जीव लावून बसलेली. वाटलं, नाही म्हटलं तर मोडेल. काय म्हणायचं ते मला म्हणा, तिचा यात काही दोष नाही."

रामरावांनी तोंड उघडलं. पण आवाज आला तो रुख्मिणीबाईंचा.

"भेतो म्हणता, अन् याइच्या तोंडावर चूक काढली?"

"ती... निघून गेली तोंडातून."

"बरं झालं निघून गेली." त्यांनी पदर खोचला आणि सगळे पत्ते स्वतःकडे ओढून घेतले. "पोरगी मले पह्यल्याच दिवशी पसंत होती. आज इवाई पसंत पडला. या महिन्यात तारीख काढा. शालूताई, तुमच्याकडचं कोण येईल ते मले सांगा, याइले इचारू नका." मग त्या पत्ते पिसू लागल्या. अकरा वर्षं पत्ते गोळा करणाऱ्या बाईंचा हात असा काही सफाईनं चालत होता की नत्थुजी पाहतच राहिले. "चला. आता बरोबर नियमानं. सुरुवातीपासून."

भिंतीशी हर्षा रडत होती की हसत होती ते मला कळलं नाही, आणि शालू दोन्ही करत होती. माझ्यासमोर चार पत्ते पडले. मी ते उचलले. पत्त्यांच्या वरून मी समोर पाहिलं. रामरावांनी आपले चार पत्ते अजून उचललेच नव्हते. सहा फुटांचा, मिशांचा, समुद्रात बावीस वर्षं राहिलेला तो माणूस, खालमानेनं, चोरून बायकोकडे पाहत होता.

माझ्यापेक्षा जास्त घाबरलेला माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. मी चिंचोक्यांची वाटी त्यांच्याकडे थोडी सरकवली आणि म्हणालो, "खेळा इवाई. सवय होते."